अक्काची तहान

चोपड्याहून तार आली तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. माझी थोरली बहीण, आमची अक्का, गेली होती. आणि तिला काय झालंय हे कुणाला वेळेवर कळलंच नव्हतं...

अक्का म्हणजे कामाचा झपाटा. केळीला पाणी द्यायचं असलं की गड्यांच्या आधी मोटेवर हजर. छातीत गाठ निघाली तेव्हा मुंबईला जाऊन ती काढून आली आणि थोड्याच दिवसांत पुन्हा बागेत उभी! आम्हाला वाटलं, सुटली. पुढच्या उन्हाळ्यात तिला तहान लागू लागली. घागर संपवायची, पुन्हा मागायची. जितकं प्यायची तितकं लघवीवाटे जायचं. जळगावच्या डॉक्टरांनी लघवी तपासली. "साखर नाही, म्हणजे मधुमेह नाही," म्हणाले. वैद्यांनी पाणी तोडायला सांगितलं. तिचे यजमान नाना सांगितलेलं काटेकोर पाळणारे. त्यांनी पाण्याच्या खोलीला कुलूप घातलं. एका दुपारी मी चोपड्याला पोचलो, तर अक्का गुरांच्या हाळावर ओणवी होऊन पाणी पीत होती. मला पाहून तोंड पुसत म्हणाली, "भाऊ, मी येडी नई शे. तहान खरी शे."

कुलूप निघालं, पण कारण सापडेना. मग डोकं दुखू लागलं, दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालं. दारातून जाताना खांदे चौकटीला आपटायचे. शेवटी मी तिला मुंबईला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी जुन्या गाठीबद्दल विचारलं. "तोच कॅन्सर मेंदूखालच्या ग्रंथीत पोचलाय," ते म्हणाले. "शरीरातलं पाणी धरून ठेवणं तिचं काम." त्यांनी एक सुई टोचली आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत अक्काने पाणी मागितलं नाही. "माले बरं वाटस, भाऊ," एवढंच बोलली. इतकं साधं होतं ते! पण त्या सुईचं औषध विलायतेहून यायचं आणि महायुद्धामुळे येईना. जळगाव, धुळे, सगळी दुकानं पालथी घातली. रोग त्याने हटणार नव्हता, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पण तहान तरी भागली असती की नाही? या प्रश्नावर अजून माझं डोकं भडकतं.

परवा चोपड्याला गेलो होतो. हल्ली ओसरीवर कुणीही टेकलं, की नाना न विचारता तांब्या भरून आणतात. आणि समोरचा माणूस पुरेसं पिईपर्यंत तिथेच उभे राहतात.