अक्का, डाळिंब आणि बांध

डाळिंब फुटताना एक आवाज होतो. कोरडा, हलका, कुणी दाराची कडी अलगद सरकवावी तसा. आणि मग एकमेकांना बिलगून बसलेले ते आरक्त दाणे पहिल्यांदाच उजेड पाहतात! सोलापुरातल्या माझ्या छोट्याशा स्वयंपाकघरात आज सकाळी तो आवाज झाला आणि मन थेट मोहोळजवळच्या अक्काच्या रानात जाऊन उभं राहिलं.

अक्का माझी थोरली बहीण. बहार धरला की तिची बाग शेंदरी फुलांनी पेटून उठायची. मग एका वर्षी पानांवर तेल सांडल्यासारखे डाग पडले, ते काळवंडले, फळांना भेगा गेल्या. आमच्याकडे या रोगाला तेल्या म्हणतात आणि त्याचं नाव घेताना माणसं आवाज खाली आणतात. हातापायांना, कपड्यांना, कात्रीला चिकटून तो बागेबागेतून हिंडतो. म्हणून ज्याच्या बागेत तेल्या, त्यानं दुसऱ्याच्या बागेत पाऊल टाकायचं नाही, ही आमच्या शिवाराची रीत. जावेची बाग अक्काच्या बांधाला लागूनच. पण तेव्हापासून अक्का बांधावरच थांबू लागली. संक्रांतीचं वाणही तिनं बांधावरूनच घेतलं. तिला कुणी अडवलं नव्हतं, तिनंच स्वतःला अडवलं होतं. पुढे बाग उपटली, जाळली, त्या रानात ज्वारी डोलू लागली, तरी अक्का बांध ओलांडीना. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमची अक्का तर पाण्यालाही फुंकर घालत होती.

तिची लेक रेवती शहरातल्या एका प्रयोगशाळेत याच तेल्याच्या मागे हात धुऊन लागली आहे. तिचं शास्त्र मला समजलं तेवढं सांगतो. तेल्याचे जंतू झाडाच्याच एका जनुकाचा आधार घेऊन आत मुक्काम ठोकतात. घरभेदीच म्हणा ना! त्या जनुकात नेमका, इवलासा बदल केला तर रोगाला थारा मिळणार नाही, अशी तिची धारणा. बदल करणारं हत्यार आहे. ते आत पोचवणं कठीण, कारण वनस्पतीच्या पेशीभोवती भक्कम भिंत असते. म्हणून ते नॅनोकणांवर बसवून धाडायचं, ज्यांच्यापुढे आपला केससुद्धा वासा वाटावा असे कण! केवढं सूक्ष्म ते जग आणि केवढी थोर त्यावर विसंबलेली आशा! कधी कण पोचलेच नाहीत, कधी पोचूनही बदल झाला नाही, कधी बदललेली पेशी रोप होण्याआधीच सुकली. रेवती फोनवर गप्प असली की आम्ही काय ते समजायचो.

या हिवाळ्यात मात्र काही रोपं तगली. ती दाखवायला मी अक्काला घेऊन गेलो. कोरं लुगडं नेसून आलेली अक्का रोपांच्या खोलीच्या दारातच थबकली. चपला तर तिनं केव्हाच जिन्याखाली काढून ठेवल्या होत्या.

"नगं गं," ती लेकीला म्हणाली, "मी हितनंच बघते. माझ्या पायानं नासायची रोपं."

रेवतीनं एक पांढरा कोट आणून आईच्या खांद्यावर घातला. "आई, ह्यांना आता मुद्दाम तेल्याच लावायचाय. त्याला पुरून उरली तरच ती खरी. ये की आत."

ज्याच्यापासून नुसतं लांब पळायचं ठाऊक, त्याला आपली लेक समोर बसवून जाब विचारणार, हे अक्काच्या गळी उतरायला वेळ लागला. मग ती आत आली आणि एक कोवळं पान बोटांत धरून तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते, माझेही.

रोपांची परीक्षा अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल, कुणी सांगावं? चांगला लागला तरी पुढे चाचण्या, परवानग्या, मग कुठे ती रोपं अक्काच्या रानात लागायची. पण माणसाचं धैर्य निकालाची वाट पाहत थोडंच बसतं!

परतताना अक्कानं मला गाडी रानाकडे घ्यायला लावली. बांधापाशी उतरली, पदर खोचला आणि जावेला हाक मारत सरळ तिच्या बागेत शिरली. आज सकाळी मी फोडलेलं डाळिंब तिथलंच, अक्कानं स्वतःच्या हातानं तोडलेलं.