मीटर मी जाळलं नाही

"यांना बेंच पुसायला ठेवलंय. मीटर हातात कोण देतं?"

सर हे माझ्याकडे न बघता बोलले, बाहेरून आलेल्या परीक्षकांकडे बघून. समोर डिप्लोमाची वीस मुलं उभी होती. प्रॅक्टिकलची परीक्षा होती. मी तिथली प्रयोगशाळा परिचर. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागले, त्याला अकरा वर्षं झाली.

झालं होतं एवढंच. सरांनी परीक्षकांना सर्किट दाखवायला घेतलं. बारा व्होल्टचा सप्लाय, शंभर आणि दोनशे ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक. आधी करंट मोजला. मग व्होल्टेज मोजायला गेले, पण मीटरची लाल वायर करंटच्या भोकातून काढलीच नाही. तशीच सप्लायला लावली, सगळा करंट मीटरमधूनच गेला. फ्यूज उडाला. मीटर बंद.

मी बघितलं. मुलांनीही बघितलं. तरी सरांनी ते माझ्यावर ढकललं.

"माफीनामा लिहून द्या," सर म्हणाले. "तुमच्या लोकांना नोकरी मिळते, डोकं मिळत नाही."

तुमच्या लोकांना. कान तापले. मुलं खाली बघत होती. मागच्या वर्षी ऑसिलोस्कोप पडला तेव्हा मी असाच कागद लिहून दिला होता. तेव्हा मी खोलीतसुद्धा नव्हते.

या वेळी हात पेनाकडे गेला नाही.

"लाल वायर तुमच्याच हातानं राहून गेली, सर. मले काहून माफी मागाले लावता?"

मी कपाटातून दुसरं मीटर काढलं. मोजायच्या आधीच परीक्षकांना सांगितलं, करंट चाळीस मिलिअँपियर येईल. शंभरवर चार व्होल्ट, दोनशेवर आठ. अकरा वर्षं फळा पुसताना ऐकलं होतं, घरी मुलीच्या वहीत सोडवलं होतं. मग मोजून दाखवलं. थोडं इकडेतिकडे, पण तेच आलं. परीक्षकांनी आकडे लिहून घेतले आणि म्हणाले, "पुढचा विद्यार्थी." बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. वरिष्ठांशी गैरवर्तन. तीन दिवसांत खुलासा द्या.

उमरेडला आईला फोन केला. तिच्या वडिलांनी या शहरातच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मान खाली घालायची नाही, हे मला तिनंच शिकवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लिहून दे वं बाई. पोरगी शिकून राहिली तुई."

त्या मेमोपेक्षा हे जास्त लागलं. तिच्यावर राग आला नाही. तिची भीती माझ्याही पोटात होती. अजून आहे.

खुलासा लिहिला. कोणती वायर, कुठल्या भोकात, कुणाच्या हातानं, सगळं लिहिलं. माफीचा शब्द लिहिला नाही. ऑफिसात दिला आणि माझ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. बाबू म्हणाला, "बाई, चौकशी लागेल."

लागू दे. चौकशीत मी टेबलावर सप्लाय मागणार आहे, मीटर मागणार आहे. मी जोडून दाखवीन. मग मीटर सरांपुढे सरकवीन आणि म्हणेन, आता तुम्ही जोडा.