किल्लीबाहेरचा दिवा

भाद्रपदातला शेवटचा रविवार, सकाळची वेळ. रक्कम आठ आणे. हजर तिघे : नारायणराव, मी आणि चिंचवडच्या हमरस्त्यावरचा बॅटरीवाला मोतीराम. नव्या पैशांत सांगायचे तर पन्नास, पण मोतीराम अजून आणेच मागतो. नारायणरावांनी मोटारसायकलची बॅटरी चार्जिंगला ठेवली, पैसे नेताना देतो म्हणाले आणि माझ्याकडे वळून हसले. "हिशेबनीस, लिहून ठेवा, नाहीतर रात्री झोप लागायची नाही तुम्हाला." ती आमची शेवटची भेट. गुरुवारी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधीच त्यांच्या शेजारचा माणूस माझ्या दारात उभा होता. पहाटे झोपेतच गेले, म्हणाला. बॅटरी मोतीरामच्या फळीवर तशीच राहिली, बाजूला खडूने नारायणरावांचे नाव लिहिलेले...

नारायणराव मूळचे साताऱ्याकडचे. कारखान्यात ते वीजखात्यात, मी हिशेबखात्यात, आणि राहायला दोघेही एकाच आळीत. लष्कराच्या लिलावातली एक जुनी विलायती मोटारसायकल त्यांनी घेतली होती, साइडकारसकट. तिला पुढे एक जादा दिवा, विजेचा भोंगा, साइडकारमध्ये एक लहानसा दिवा, असे काय काय त्यांनी हौसेने बसवले. या सगळ्याच्या तारा मात्र थेट बॅटरीला. गाडी बंद केली तरी एखादा दिवा जळतच राहायचा, सकाळी बॅटरी उतरलेली, आणि मग आम्ही तिघे-चौघे ती जड गाडी ढकलत कारखान्याच्या रस्त्याने निघालेलो. बाया दारात उभ्या राहून हसायच्या. "गाडीवर बसायचं सोडून गाडीच माणसांवर बसलीय," असे वहिनी, म्हणजे नारायणरावांच्या पत्नी, म्हणायच्या.

एका वर्षी मात्र त्यांनी हे मनावर घेतले, आणि त्याला कारण होते. त्यांची एकुलती एक मुलगी सुमन चाकणला दिलेली. लग्नात मानपानावरून शब्दाला शब्द लागला होता आणि दोन वर्षे तिला माहेरी पाठवले नव्हते. शेवटी मध्यस्थाकरवी व्याह्यांचा निरोप आला. दसऱ्याला बापाने स्वतः यावे, पंगत बसायच्या आत यावे, आणि लेकीला मोटारीत बसवून गावादेखत न्यावे. नाही जमले तर पुढचे पुढे. त्या दिवसापासून नारायणराव संध्याकाळी गाडीपाशी बसू लागले. साऱ्या तारा उकलून त्यांनी किल्लीच्या मागे नेल्या. किल्ली फिरवली की दिवे, भोंगा सगळे जागे, किल्ली बंद की सगळे एकदम बंद. मला समोर उभे करून त्यांनी ते दहा वेळा तरी करून दाखवले. संधिप्रकाशात ते दिवे लागत आणि विझत, आणि नारायणरावांचा चेहराही त्यांच्याबरोबर लागल्यासारखा, विझल्यासारखा दिसे. "आता विसरायची सोयच नाही," ते म्हणाले.

खंडेनवमीला पत्र्याच्या आडोशात गाडीची पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूची माळ. वहिनी म्हणाल्या, तिचा दिवा लावा, आंधळ्या गाडीची कसली पूजा. आता दिवा लावायचा तर किल्ली फिरवायलाच हवी. बाकीचे बल्ब काढून, साइडकारमधला लहान दिवा तेवढा ठेवून ती त्यांनी फिरवली. तिन्हीसांजेला मी गेलो तेव्हा झेंडूंच्या आडून तो पिवळा उजेड अंगणभर सांडला होता. नारायणराव किल्ली बंद करायला पुढे झाले, तर वहिनींनी अडवले. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. नारायणरावांनी बोटांवर हिशेब केला. लहान दिवा आहे, भरलेली बॅटरी एक रात्र सहज काढेल म्हणाले. मलाही तो हिशेब पटला.

हिशेब दिव्यापुरता बरोबर होता. पण किल्ली चालू म्हणजे नुसता दिवा चालू नव्हे. इंजिन उभे असले तरी त्याला ठिणगी देणारी कॉइल वीज ओढत राहते आणि तापते. ते आम्ही धरलेच नव्हते. सकाळी दिवा विझलेला, बॅटरी उतरलेली आणि कॉइलला जळका वास. दसऱ्याच्या दिवशी कॉइल कुठून मिळणार? मी माझी सायकल काढली, शेजाऱ्याची त्यांच्यासाठी मागून आणली, आणि आम्ही निघालो.

तो रस्ता मला अजून स्वप्नात दिसतो. भोसरी मागे पडली, मोशी आली, इंद्रायणीवर धुके असे पसरले होते की पूल पाण्यावर तरंगतोय वाटावे. दोन्हीकडे बाजरी वाकलेली, बांधावर झेंडू. उन्हे चढत गेली, सायकलींच्या सावल्या चाकांखाली येऊन मावल्या, आणि आम्ही अजून वाटेतच...

पोचलो तेव्हा पत्रावळी उचलत होते. सुमन उंबऱ्याआत, नेसूनसवरून, गाठोडे मांडीवर घेऊन बसलेली. तिने आमच्या मागे रस्त्याकडे पाहिले, आणि मग खाली पाहिले.

व्याही ओसरीवर उभे होते. "पंगत उठली, पाव्हणं. आन् मोटार कुठं हाय?"

नारायणरावांना एखादे कारण सांगता आले असते, पंक्चरचे, पेट्रोलचे. ते म्हणाले, "पूजेला बसलीय. दिवा जळत होता, पण घरात रीत आहे, हात लावला नाही. सकाळपर्यंत सगळं जळून गेलं."

व्याह्यांच्या मागे भिंतीला कोयते, नांगराचा फाळ, कुळव, सगळे झेंडू लावून ओळीने उभे होते.

"काल माझी विळी पूजेला बसली," ते हळूच म्हणाले, "तवा रातच्याला भाजी-कोरड्यास शेजारनं मागून आणलं आमी. न्हाई उठवली." मग आत वळून त्यांनी आवाज दिला, "बैलं जुपा रं. सूनबाई माहेराला निघाली."

व्याह्यांच्या गाडीत पुढे सुमन, मागे सायकलींवर आम्ही दोघे. बैलांच्या घुंगरांच्या नादात तो परतीचा रस्ता संपूच नये असे वाटत होते. दिवेलागणीला घरी पोचलो.

नवी कॉइल बसवल्यावर नारायणरावांनी एकच बदल केला. साइडकारमधल्या लहान दिव्याची तार किल्लीमागून काढून पुन्हा थेट बॅटरीला जोडली, तिला वेगळे बटण दिले. मी म्हटले, पुन्हा विसराल. तर म्हणाले, "बाकी सगळं किल्लीच्या ताब्यात. हा एक पूजेचा." वर्षातून ती एकच रात्र तो लागे. आणि दरवर्षी दसऱ्याला ते मोटारसायकल घेऊन चाकणला जात. व्याह्यांचा शब्द तसाच होता, बापाने यावे आणि न्यावे.

यंदा कोण जाणार, हा प्रश्न वहिनींनी तोंडाने विचारला नाही. मला मोटारसायकल येत नाही, आणि मी बाप नव्हे. खंडेनवमीला सकाळी आठ आणे खिशात टाकून मी मोतीरामकडे गेलो, निदान बॅटरी तरी घरी आणावी म्हणून. फळी रिकामी होती. मोतीराम म्हणाला, आत्ताच नेली, एसटीतून एक म्हातारे उतरले, बरोबर त्यांची सून होती.

मी घाईने नारायणरावांच्या घरी आलो. पत्र्याच्या आडोशात सुमन बॅटरीच्या तारा आवळत होती, बापाने शिकवल्याप्रमाणे. नारायणराव गेल्यामुळे वर्षभर त्या घरात सण नव्हते, पण लेक दुसऱ्या घरची, तिला पूजेची अडचण नव्हती. व्याही पायरीवर बसले होते, पागोटे मांडीवर. मला पाहून म्हणाले, "न्यायला बाप न्हाई आला. मग सासऱ्यानंच आणली." वहिनी दाराआड उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

सुमनने बटण दाबले. किल्ली आत खुंटीवरच होती. साइडकारच्या रिकाम्या बैठकीवर तो लहानसा उजेड पडला आणि रात्रभर तिथेच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाल्यावर तिनेच तो बंद केला.

मोतीरामचे आठ आणे चाकणच्या व्याह्यांनी दिले. माझे मी परत आणले.