कागदाचा बोळा आणि नॉर्वेची कॅसेट

आमच्या संघटनेनं कोरी कॅसेट कधी विकत घेतली नाही. शहापूरला पिठाच्या गिरणीमागे आमचं एका खोलीचं ऑफिस. तिथल्या खोक्यात लोकांनी टाकलेल्या कॅसेटी जमायच्या. आरत्या, लग्नाची गाणी, इंग्रजी शिका. कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन इवले तुकडे मोडले की तिच्यावर नवीन काही भरता येत नाही. त्यावर आमचा उपाय ठरलेला. जुन्या पत्रकाचा कपटा घ्यायचा, बोळा करून खाचेत कोंबायचा. टेपरेकॉर्डर फसतो. मग तिच्यावर घोषणा भरायच्या आणि जीपच्या भोंग्यावर वाजवायच्या. या कामात माझ्यासारखा चलाख हात दुसरा नव्हता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. पाण्याचा मोर्चा निघायचा होता. धरणं आमच्या डोंगरांत, नळ मुंबईत, आणि डोळखांबकडच्या बाया उन्हाळ्यात झऱ्यापाशी बसून वाटीवाटीनं हंडा भरणार. ज्याला याची चीड येत नाही तो मला तेव्हा माणूसच वाटत नसे. मुरबाडच्या बाजारासाठी मी बारा मिनिटांचं भाषण तयार केलं आणि हाताला आली ती कॅसेट उचलली. वरच्या कागदावर निळ्या शाईत परदेशी अक्षरं होती. काय आहे ते मी वाचलं नाही, ऐकलं तर नाहीच. यंत्रावर वाजवलेलं परदेशी संगीत म्हणजे पोट भरलेल्यांचा धिंगाणा, असं पत्रकच मी लिहिलं होतं. एकही गाणं न ऐकता लिहिलं होतं.

बाजाराच्या दिवशी भाषण वाजलं, संपलं. ड्रायव्हर चहाला गेला होता, मी गर्दीत पत्रकं वाटत होतो. कॅसेट फिरतच राहिली. आणि भोंग्यातून ते आलं.

आधी धप्, धप्, धप्. मुसळ पडावं तसं, पण एक ठोका मागेपुढे नाही. त्यावर पत्र्यावर थेंब पडल्यासारखे बारीक सूर. मग एका मुलीचा कोरडा आवाज. ती ओरडत नव्हती, लाडात येत नव्हती, आणि भाषा इंग्रजीही नव्हती. मी पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून खिळून उभा. अंगावर काटा आला होता आणि त्या काट्याचाच मला संताप येत होता.

"काय पुढारी, मोर्च्यात नाचायचं हाय का आता?" एक भाजीवाला ओरडला. लोक हसले.

सुकी मासळी विकणारी म्हातारी मात्र तराजू धरून ऐकत होती. "थांब रे," ती गिऱ्हाइकाला म्हणाली. "ही पोर लय दमलीय. पन हातातलं काम काय सोडीत नाय."

तेवढ्यात आमची ताई धावत आली. डोळखांबकडच्या पाड्यावरची, संघटनेची पहिली बाई कार्यकर्ती, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिनं जीपमध्ये हात घालून कॅसेट काढली, उलटी केली आणि खाचेतला बोळा नखानं उपटला. उलगडून पाहिला. माझंच पत्रक होतं.

"कोनी केलं ह्ये?"

"मी. खोक्यात होती."

"खोक्यात नव्हती. खोक्यावर व्हती. सकाळी आयकून ठेवली व्हती मी."

आदल्या हिवाळ्यात नॉर्वेची एक विद्यार्थिनी अभ्यासासाठी ताईच्या घरी दोन महिने राहिली होती, हे मला ठाऊक होतं. जाताना तिनं ही कॅसेट दिली, हे ठाऊक नव्हतं. तिच्या भावानं दोन मित्रांसोबत घरच्या खोलीत गाणी केली होती, आपल्या भाषेत. दुकानात ती मिळत नव्हती. हातानं काढलेल्या थोड्या प्रती, त्यांतली ही एक. कुणी पुसू नये म्हणून तुकडे त्या मुलीनंच मोडले होते. आणि ताई रोज ऑफिस उघडायला अर्धा तास आधी यायची, ती मला निष्ठा वाटायची. ती गाणी ऐकायला यायची.

"पयलं गाणं गेलं?"

"सुरुवातीची बारा मिनिटं."

"म्हंजे पयली दोन, आन तिसऱ्याची सुरुवात. पयलं कशावर व्हतं, ठाव तरी हाय का तुला? तिची आय मासे साफ करायच्या कारखान्यात हाय. पाळीवरच्या बायांचं गाणं ते. आता धप् धप् वाजलं ना, त्यात बी तेच व्हतं, तो तिथला मासे सरकवायचा पट्टा. भावानं तिथं जाऊन भरून आनला, आन त्याच्यावर गाणं बांधलं."

मी जीपच्या पायरीवर बसलो. कामगार बायांचं गाणं पुसून मी त्यावर कष्टकऱ्यांच्या घोषणा भरल्या होत्या. आणि ते यंत्र! ज्याला मी धिंगाणा म्हणालो होतो, ते त्या बायांच्याच कामावरचं यंत्र होतं.

उरलेली गाणी मी दुसऱ्या दिवशी ऐकली. ताईला विचारून. मुंबईपेक्षा कमी माणसांचा तो देश, आणि त्यातली ही पोरं आपल्या बोलीत, मशीनवर, कुणाची परवानगी न घेता गात होती. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलं कधी होतं?

सायबर कॅफेत जाऊन त्या मुलीला ईमेल केला, माफी मागितली, पहिल्या गाण्याची प्रत मागितली. उत्तर आलं. भावाचा कॉम्प्युटर बिघडला, त्यात ते गाणं गेलं. माहितीतल्या कुणाकडेही ती कॅसेट उरलेली नाही. इतका श्रीमंत देश, आणि तिथंही कारखान्यातल्या बायांचं गाणं असं सहज नाहीसं होतं?

मोर्चा झाला. टँकर वाढले, नळ आले नाहीत. ताई माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी तिला ईमेलचं उत्तर सांगितलं तेव्हा तिनं खोक्यातल्या कॅसेटी चाळल्या आणि खोकं बाजूला सारलं. मग म्हणाली, "कोरी कॅसेट आन. इकत."

मी आणली. टेपरेकॉर्डरमध्ये घातली. भिंतीपलीकडे गिरणीचा पट्टा धपधपत होता. मी म्हणालो, गिरणी बंद झाली की भरू.

"चालू दे. त्याच्यावरच म्हनते."

तिनं डोळे मिटले आणि गायली. ते पुसलेलं पहिलं गाणं, अख्खं, एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना, पट्ट्याच्या ठोक्यावर. अर्ध्यात एकदा चुकली, थांबली नाही.

संपल्यावर तिनं बटण दाबलं, कॅसेट काढली, किल्लीनं दोन्ही तुकडे मोडले. कॅसेट स्वतःच्या पिशवीत ठेवली आणि ते तुकडे माझ्या टेबलावर.