सबनीस सरांची दोरी

सबनीस सर माझ्या दुकानात पहिल्यांदा आले, ते कपडे शिवायला नाही, कचरा मागायला. "मनोहरराव, कतरन फेकता का ठेवता?"

म्हटलं, फेकतो.

"मग मला द्या. पांढरी, लाल, पिवळी, निळी अन् हिरवी."

मला वाटलं, मास्तर गोधडी शिवताहेत. देवासात टेकरीखाली माझं शिलाईचं दुकान. अक्कल म्हणाल तर दुसरी पास, तीही शाळा माझ्यामुळे थकली म्हणून.

सर मूळ अमझेऱ्याचे, तिकडे धारकडचे. टोंकखुर्दच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवली. बायको गेलेली, एकुलती मुलगी वैजू बंगलोरला नोकरीत. रिटायर झाल्यावर माझ्या दुकानामागच्या घरात राहायला आले. संध्याकाळी अंगणात कपडे वाळवायची दोरी बांधायचे अन् गल्लीतल्या पोरांना फुकट शिकवायचे. पुस्तक नाही, फळा नाही. प्रत्येक चिंधीवर एक इंग्रजी शब्द. पांढरीवर वस्तूंची अन् माणसांची नावं. लाल चिंधी म्हणजे 'आणि', 'पण', 'म्हणून' असले जोडणारे. पिवळी म्हणजे वर, खाली, आत. निळी म्हणजे मी, तू, तो. चिंध्या चिमट्याने दोरीवर लावायच्या की झालं वाक्य.

पोरं पांढऱ्यावरच तुटून पडायची. सर ओरडायचे, "छोरे हो, नाव तर पोपटही घेतो! जोड सांगा, जोड!"

अन् हिरवी? ती सरांची लाडकी. "मनोहरराव, हिरवी म्हणजे माणसाची मर्जी. जाऊ शकतो, जायला हवं, जाणारच. सगळी मर्जी एवढ्याशा तुकड्यात. हिरवी काढा, माणूस नुसता सामान."

एकदा म्हणाले, "तुम्ही पण लावा एक वाक्य." मला इंग्रजीतला 'ए' अन् शिडी सारखीच. पण शिंपी ना, रंगसंगती बघून लावलं, सगळ्या लाल एका ओळीत. सरांनी चष्मा वर करून वाचलं. "मनोहरराव, यात माणूस नाही, काम नाही, नुसतं पण, पण, पण. घरी भांडून आलात काय?"

बायकोला सांगितलं तर म्हणाली, "पण मी कुठे भांडते?"

माझ्या शिलाईचं ते कधी वाईट बोलले नाहीत. एकदा पँटचा एक पाय आखूड झाला, तरी तीच घालून फिरले. कोणी विचारलं तर म्हणायचे, "एक पाय देवासच्या मापाचा, एक टोंकखुर्दच्या. दोन्हीकडे राहिलोय ना भिया."

मग सरांना लकवा मारला. सकाळी चहा ठेवताना. उजवा हात गेला, अन् बोलणं असं गेलं की देवाने निवडून नेलं म्हणावं. नावं राहिली. "चहा." "खिडकी." "वैजू." चहा हवाय की नको, खिडकी उघडू की लावू, ते काही येईना. तोंड उघडं ठेवून पुढचा शब्द शोधायचे, मग डोळ्यांतून पाणी. ज्याने अर्ध्या गल्लीला जोड शिकवली, त्याचीच जोड उसवली. मी रोज जाऊन नकला करायचो, माकडासारखा. हसायचे नाहीत. माझ्या नकला तशाही वाईटच.

वैजू त्यांना न्यायला आली. घर सोडायचं ठरलं, सामान बांधलं. मी म्हटलं, "वैजूताई, बोलता येत नाही, लावता तरी येईल." अन् अंगणात दोरी बांधली, चिंध्यांची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

सरांनी डाव्या हाताने ढीग उपसला. लाल उचलली, बघितली, ठेवली. हिरवी उचलली अन् माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ती दुसऱ्याच कोणाच्या कपड्यातून कापून आणलीय. ठेवून दिली. मग पांढरी काढली.

"फादर," वैजूने वाचलं.

मी चिमटा उघडून धरला, सरांनी चिंधी लावली. पुढे बोट दाखवलं. तिथे चिमटा लावला, रिकामाच. त्याच्या पुढे अजून एक रिकामा. मग दुसरी पांढरी. "हाऊस." कुठे काय बसतं ती जागा त्यांना आठवत होती. बसणाराच तेवढा गेला होता.

शेवटची पांढरी त्यांनी दोरीवर नाही लावली. वैजूच्या हातात दिली अन् तिची मूठ मिटली. तिने उघडून बघितलं. 'ट्रेन'.

"कळलं, बाबा," ती म्हणाली अन् त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली.

मी खूश झालो हो, गाढव! वाटलं, कळलं म्हणजे सुटलं. ती उठून मला बाजूला घेऊन म्हणाली, "मनोहरकाका, नसतं कळलं तर बरं झालं असतं. बाबांना इथेच घरात राहायचंय, मी एकटीने ट्रेनने परत जायचं. नोकरी सोडली तर यांचं औषध कुठून आणू? अन् इथे यांना ठेवू कोणाजवळ?"

"मी आहे ना."

तिने माझ्या थरथरत्या हातांकडे बघितलं. "काका, तुमच्या सुईत दोरा तुमची सून ओवते. बाबांना उचलाल कसे?"

जन्मभर लोकांना हसवलं. त्या दिवशी एक खरी गोष्ट बोललो, तर तोच विनोद ठरला.

दुसऱ्या दिवशी दारात गाडी आली. गल्लीतल्या दोघांनी धरून सरांना बसवलं, पलंग चढवतात तसं. सरांनी मान वळवून दोरीकडे बघितलं. रिकाम्या चिमट्यांसकट ती तशीच होती.

बंगलोरहून वैजू फोन लावायची अन् सरांच्या कानाला धरायची. सर म्हणायचे, "शिंपी." मग श्वास ऐकू यायचा. मी कात्री खाली ठेवून थांबायचो. गिऱ्हाईक ओरडायचं, "अरे भिया, मेरा नाप तो ले लो!" तरी थांबायचो. पुढचं कधी आलं नाही.

परवा फोन वाजला. "मनोहरकाका," वैजू म्हणाली. "बाबा..."

पुढचा शब्द तिलाही लागला नाही. मीही मागितला नाही.