साठ स्प्रिंगांची जाळी

बाळकृष्णराव पाटबंधारे खात्याच्या तंजावूरच्या भांडारात कारकून होते. नट, बोल्ट, साखळ्या, लोखंडी दारांच्या चाव्या असं सगळं त्यांच्या ताब्यात असे, आणि प्रत्येक वस्तूला त्यांच्या हातचा नंबर. बावीस वर्षांत त्यांच्या भांडारातून काही हरवलं नाही. त्यांच्याविषयी लोक एवढंच सांगतात, आणि ते खरं आहे.

११ एप्रिल १९६१ रोजी त्यांची पत्नी मंगला विषमज्वरानं गेली. ती एकतीस वर्षांची होती. मुलांच्या वार्षिक परीक्षा त्याच आठवड्यात संपल्या होत्या. तेराव्या दिवशी सासूबाई चंद्रमती दोन्ही मुलांना, नऊ वर्षांच्या राजमला आणि सहा वर्षांच्या कल्याणरामला, कुंभकोणमला घेऊन गेल्या. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्या लांबट, अरुंद घरात बाळकृष्णराव एकटे राहिले. सकाळी भात करत, त्यातलाच रात्री ताक घालून खात. कचेरीत एक दिवसही रजा टाकली नाही. रडताना त्यांना कुणी पाहिलं नाही. त्यांना रडू येत नव्हतं, इतकंच.

फेब्रुवारीत तंजावुरात एक लहानशी सर्कस येऊन गेली होती. चौघांनी ती मिळून पाहिली होती. ताणलेल्या जाळीवरून उसळून पुन्हा पायांवर उभा राहणारा विदूषक मुलांना आठवडाभर पुरला होता. तीच सर्कस गावोगाव फिरत मे महिन्यात ओरत्तनाडूला पोचली आणि तिथंच मोडली. तंबू, खुर्च्या, पिंजरे विकायला निघाले. खात्याला ताडपत्र्या हव्या होत्या म्हणून बाळकृष्णराव तिथं गेले. ताडपत्र्या फाटक्या निघाल्या. त्या त्यांनी नाकारल्या आणि स्वतःसाठी ती जाळी घेतली. का घेतली, हे त्यांना आजही नीट सांगता येत नाही.

विकणारा नामदेव मिरजेकडचा होता. त्याची मराठी आणि बाळकृष्णरावांची तंजावुरी मराठी एकमेकींना जेमतेम ओळखत होत्या.

“मुलं किती, साहेब?”

“दोघं.”

“बाई धीराच्या दिसतात. एवढं धूड घरात घेऊ देतात म्हणजे!”

“त्या गेल्या.”

नामदेवनं पोत्यात चार स्प्रिंगा जादा टाकल्या आणि जोडणी समजावून सांगितली. नळ्यांची चौकट, आठ पाय, मध्ये जाळी म्हणतात तो जाड कॅनव्हास, भोवती साठ स्प्रिंगा. “एकट्याचं काम नाही हे. दोघं लागतात, समोरासमोर. एक इकडं अडकवली की एक बरोबर तिकडं. ओळीनं लावत गेलात तर शेवटच्या पोचायच्या नाहीत.”

बाळकृष्णरावांनी ते लिहून घेतलं.

बैलगाडीनं सामान घरी आलं. घरामागच्या मोकळ्या जागेत, म्हणजे कोल्लैत, विहीर आणि धुण्याचा दगड सोडला तर चौकटीपुरतीच जागा उरत होती. त्यांनी प्रत्येक नळीवर आणि स्प्रिंगेवर पांढऱ्या रंगानं नंबर घातले. चौकट एका संध्याकाळी उभी राहिली. मग स्प्रिंगा. दुसरा माणूस नव्हता. शेजारी राजगोपाल होता, धडधाकट, बोलावलं तर आलाही असता. पण घरात वर्ष चाललेलं. त्या वर्षात सण नाही, गोडधोड नाही, नवी वस्तू नाही. महिना उलटतो न उलटतो तोच मुलांचं खेळणं उभारायला या, असं कुणाला म्हणायचं? राजगोपालला ती चौकट मांडवाची वाटली; त्यानं एकदा भिंतीवरून डोकावून विचारलं, “काय राव, पंदल घालतां कां?” ते “नाही” म्हणाले.

त्यांनी एकट्यानं ओळीनं लावायला घेतलं. एकेचाळिसाव्या स्प्रिंगेला कॅनव्हास एका बाजूला इतका ओढला गेला की पुढची आकड्यापर्यंत पोचेना. सगळ्या काढल्या. दुसऱ्या संध्याकाळी समोरची कड दोरीनं बांधून पाहिलं, दोरी तुटली. असं नऊ संध्याकाळी चाललं. ते चिडले नाहीत. बोटं सोलली, त्यांवर हळद लावली.

रविवारी, २८ मे रोजी, चंद्रमती मुलांना घेऊन आल्या. साडेचारच्या बसनं परत जायचं होतं. पिशवीत शाळेच्या दाखल्याचा अर्ज होता. मुलांना जूनपासून कुंभकोणमच्या शाळेत घालायचं त्यांनी ठरवलं होतं, फक्त बापाची सही हवी होती. सही झाली की मुलं तिकडची.

जेवणं झाली. त्या हात धुवायला कोल्लैत आल्या आणि थांबल्या.

“हें काय?”

“मुलांस उड्या माराया.”

“वर्षांत नवी वस्तु घरांत आणूं नये, हें तुम्हांस मीं सांगावें?”

“नवी नाही, अम्मा. सर्कशींत बारा वर्षं वापरलेली आहे.”

चंद्रमतींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. थट्टा नव्हती. भांडारात जुना माल आणि नवा माल वेगळा धरतात, तसंच ते बोलत होते.

“माझ्या लेकीस जाऊन दोन महिने नाहीत झाले.”

“सत्तेचाळीस दिवस,” बाळकृष्णराव म्हणाले.

चंद्रमतींनी अर्ज काढून पायरीवर ठेवला आणि वर पाण्याचा लोटा ठेवला. बाळकृष्णराव टाक आणि दौत आणायला आत गेले.

परत आले तेव्हा राजम चौकटीभोवती फिरत होती.

“अप्पा, एकाच बाजूनं लावत गेलां कां?”

“होय.”

“लुगडं कसं ताणते अम्मा? एक टोक ती धरते, एक मी. दोघींनीं एकदम ओढायचं.” ती आईच्या नऊवारीबद्दल बोलत होती. धुतलेलं लुगडं मायलेकी रोज इथंच, याच दगडाजवळ ताणून झटकत. गेलेल्या आईबद्दल राजम ‘ताणते’, ‘धरते’ म्हणाली. तिला कुणी सुधारलं नाही.

बाळकृष्णरावांनी दौत पायरीवर ठेवली. राजम पलीकडे गेली. कल्याणरामकडे नंबर आले. तो स्प्रिंग उचलून ओरडे, “एक!” मग धावत दुसरीकडे जाऊन, “एकतीस!”

“हळू,” आजी म्हणाली. तो कुजबुजत आकडे सांगू लागला.

दोन-बत्तीस. तीन-तेहतीस. दुपार भर उन्हाची होती. पायरीवर छत्री उघडून चंद्रमती बसल्या होत्या. चार वाजले तेव्हा बावीस-बावन्न झालं होतं. त्यानंतर राजमचं बळ पुरेना. तिनं दोनदा ओढलं, दोनदा स्प्रिंग हातातून निसटली आणि चौकटीवर खणकन आपटली.

“साडेचारची बस आहे,” चंद्रमती म्हणाल्या. राजम तिसऱ्यांदा ओढत होती, टाचा वर करून.

चंद्रमतींनी छत्री मिटली. “सर. टाच टेकव अगोदर. वीस वर्षं धुणं ओढलें ह्या हातांनीं, हें एवढं येत नाही मज?” पदर खोचून त्यांनी कॅनव्हासची कड धरली. “ओढा, राव. झोपलांत कां?”

तीस-साठ झालं तेव्हा पावणेपाच वाजले होते.

मुलं आजीकडे पाहू लागली. तिनं खोचलेला पदर सोडला. “माराव्या उड्या. पण आरडाओरडा नको. वर्ष आहे.”

मुलं तोंड मिटून उडाली. आवाज फक्त स्प्रिंगांचा होता. बाळकृष्णराव पाहत उभे राहिले. आपल्याला काही वाटलं का, हे त्यांना आठवत नाही. चौसष्टमधल्या चार स्प्रिंगा शिल्लक राहिल्या, हे आठवतं.

रात्री चौघांचा भात चंद्रमतींनीच केला. अर्ज सहीविना पायरीवरच होता. सकाळी त्यांनी तो लोट्याखालून काढला, चार घड्या घातल्या आणि जावयाच्या हातात दिला. “हा तुमच्या भांडारांत ठेवा. मी चार दिवस राहतें. पोरांचं सगळं तुम्हांस जमतं कां, पाहतें.” चार दिवसांचे अकरा महिने झाले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलं तंजावूरच्याच शाळेत गेली.

पुढच्या चैत्रात वर्षश्राद्ध झालं. ब्राह्मण जेवून गेले. संध्याकाळी चंद्रमती कोल्लैत येऊन मुलांना म्हणाल्या, “आतां ओरडा हवं तेवढं. वर्ष सरलं.”

राजम आणि कल्याणराम जाळीवर चढले आणि उडू लागले. बराच वेळ उडत राहिले. सवयीनं दोघांची तोंडं मिटलेलीच होती.