तिसऱ्या कपाटाचे दार

गोविंदमिस्त्रींची आणि माझी ओळख चिखलात झाली. त्या वर्षी सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले आणि आमच्या वाचनालयात कमरेपर्यंत चढून ओसरले. मी ग्रंथपाल म्हणून नुकताच लागलो होतो. सागवानी कपाटांची दारे फुगून घट्ट बसली होती आणि आत पुस्तके भिजत होती. दारे फोडण्यासाठी कोणी पहारही आणली. तेवढ्यात पोलादपुराहून पायी आलेले मिस्त्री, खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन, उंबऱ्यात उभे राहिले.

"पहार ठेवा खाली," ते म्हणाले. "दारांचा काय गुन्हा नाय. पुस्तकं मागनं काढू."

चौघांना लावून त्यांनी कपाटे भिंतीपासून ओढली आणि मागच्या फळ्यांचे स्क्रू सोडवले. दिवस मावळायच्या आत पुस्तके बाहेर आली. एकही दार फुटले नाही.

जरा उघडीप मिळताच गावाने खुर्च्या-पलंग उन्हात मांडले. मिस्त्री घरोघर सांगत फिरले, "सावलीत ठेवा, उन्हानं तडकंल." ज्यांनी ऐकले ते आजही त्याच खुर्च्यांवर बसतात. बाकीच्यांच्या चुलीत गेल्या. जुन्या लाकडाविषयी मिस्त्रींना फार आदर. एका आजींच्या पलंगाचा पाय बदलून टाका, असे त्यांच्या मुलाने सुचवले, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "हा पलंग आपल्यापेक्षा वडील हाय. वडिलांचा पाय कापायच्या आधी चार येळा बघावं." त्यांनी सांधा उकलला, साफ केला, सरस लावून पुन्हा बसवला. आजी शेवटपर्यंत त्याच पलंगावर निजल्या.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो.

कपाटे सावलीत वाळत असताना मिस्त्री भाताची लावणी उरकायला गावी गेले. जाताना मला बजावले, "मास्तर, दारं लागली नायत तरी रंधा मारू नका. लाकूड पाणी प्यालंय. दिवाळीपर्यंत दम धरा." पण वाचनालय लवकर उघडा म्हणून कार्यकारिणीचा लकडा लागला होता. तिसऱ्या कपाटाचे दार काही केल्या लागेना. मिस्त्री हत्यारे वाचनालयातच ठेवून गेले होते. मी त्यांचाच रंधा उचलला आणि दाराची कड तासून काढली. दार झकास लागले. मला स्वतःचे कौतुकही वाटले.

दिवाळीनंतर लाकूड आटले आणि त्या दारात करंगळी जाईल एवढी फट पडली. कार्यकारिणीने मिस्त्रींना बोलावून जाब विचारला. त्यांनी कडेवरून बोट फिरवले. असा वेडावाकडा रंधा कोणाचा, हे त्यांना तिथेच कळले असणार. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले. माझी नोकरी कायम व्हायची होती आणि घरी आई व दोन बहिणी माझ्यावर अवलंबून होत्या. मिस्त्रींना ते ठाऊक होते.

"काम माझ्याकडं होतं," ते म्हणाले. "चूक माझी."

मी मान खाली घालून बसून राहिलो. माझी नोकरी कायम झाली. शाळेच्या बाकांचे ठरलेले काम मात्र मिस्त्रींच्या हातून गेले आणि "पुराच्या साली मिस्त्री चुकले" हे वाक्य गावात रुजले. अजूनही कोणी ना कोणी ते बोलतो आणि दर वेळी मला शरमेने मेल्यासारखे होते. त्यांनी मात्र रेषेला रेष जुळवून त्या दाराला सागाची पट्टी बसवली आणि मला कधी एका शब्दाने दुखवले नाही.

हे लिहिणार असल्याचे मी गेल्या महिन्यात त्यांच्या ओटीवर बसून सांगितले. ते म्हणाले, "नका लिवू, मास्तर. दार लागतंय ना? मग झालं." त्यांचे न ऐकण्याची माझी ही दुसरी खेप.

मिस्त्रींनी साठी गाठली आहे. त्यांची नजर आणि हात असेच शाबूत राहोत, त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्या वर्षी त्यांना बोल लावणारे बहुतेक जण अजून गावात आहेत. एकेकाने पोलादपूरला जाऊन त्यांची क्षमा मागावी, एवढी सवड देवाने आम्हा सर्वांना द्यावी. मी जाऊन आलो. मला बारा वर्षे लागली.